सातव्या भागातली डॉक्टर

‘शनीपलीकडे’ मालिकेच्या सातव्या भागावर शिरीष देवलांनी सकाळी टीका लिहिली. यानातल्या म्हाताऱ्या डॉक्टरचा प्रसंग रटाळ आहे, तो नसता तरी चाललं असतं, असं त्यात होतं. हल्ली मालिका टीका वाचून स्वतःच बदलत. तासाभरात तो प्रसंग गेला आणि जुना भाग घरोघरच्या पडद्यांवरून कायमचा पुसला गेला.

पंधरवड्याने सदानंद गोगटे नावाचे वयस्कर गृहस्थ देवलांकडे आले.

“ती डॉक्टर म्हणजे माझी बायको, कुमुद,” ते म्हणाले. “साठीत तिला पहिलं काम मिळालं होतं. भाग लागला तेव्हा ती नुकतीच गेली होती, घरात तिचेच दिवस चालू होते, बघायचं राहून गेलं. तुमच्याकडे जुना भाग असेल का?”

“आता कुणाकडेच नाही हो तो,” देवल पुटपुटले.

“मग निदान सांगा तरी. तुम्ही तर नीट बघितला असेल. कशी दिसत होती? काय बोलली?”

देवलांनी खूप आठवून पाहिलं. त्यांना नुसता पांढरा कोट आठवला. काहीतरी रचून सांगणं सोपं होतं.

“गोगटेसाहेब,” ते शेवटी म्हणाले, “तो प्रसंग मी पुढे पळवत पाहिला होता.”

गोगट्यांनी उठून चपला घातल्या. ‘या परत’ म्हणायलाही देवलांना तोंड उरलं नव्हतं.