पाठ कशी आहे?

"इथे बसा," म्हणत हेडसरांनी शेजारच्या खुर्चीवर थोपटलं. "पाठ कशी आहे आता?"

"बरी आहे, सर," भूमितीचे सर म्हणाले आणि सुळावर बसावं तसे बसले.

मागच्या चार रांगांत नववीची बासष्ट पोरं पॉपकॉर्नवर तुटून पडली होती. सिनेमा पालकसभेने ठरवला होता. दोन हजार वर्षांपूर्वीची लढाई, पोरांचा इतिहासाचा धडा आपोआप होईल. "रक्तपात फार आहे," म्हणून हेडसरांनी दोनदा मोडता घालून पाहिला. पण पालकांपुढे कोणाचं काय चालतं?

भूमितीच्या सरांना रक्तपाताची काळजी नव्हती. काळजी होती ती स्वतःच्या तोंडाची, कारण ते या सिनेमात होतं.

वर्षापूर्वी पाठ धरल्याचा दाखला जोडून त्यांनी चार दिवसांची रजा काढली आणि नदीकाठच्या माळावर सैनिक म्हणून मरायला गेले. लहानपणापासूनची हौस. "वर्गात फळ्यासमोर काय कमी मरता?" बायको म्हणाली होती. तरी गेले. नशिबाने त्या आठवड्यात हेडसर बहिणीच्या ऑपरेशनसाठी परगावी होते, त्यामुळे अर्ज उपमुख्याध्यापिकांनीच मंजूर केला.

तिसऱ्या दिवशी सोंग अंगाशी आलं. तालमीत शिकवलं होतं, मुखवटेवाला शत्रू मागून उजवीकडून भाला मारेल, तुम्ही डावीकडे वळून पडायचं. सर वळले, आणि भाला आला डावीकडून. होता रबराचाच, पण पाठीत असा बसला की सर "आई गं!" करून आडवे झाले आणि शिरस्त्राण घरंगळत गेलं. दिग्दर्शकाला ते मरण इतकं आवडलं की त्याने दुसऱ्यांदा मारायला लावलंच नाही. पुढे पंधरा दिवस बायको पाठ शेकत होती. निदान दाखला तरी खोटा राहिला नाही, एवढंच समाधान.

पण हे हेडसरांना कोण सांगणार? त्याआधी गाण्याच्या बाईंनी तापाचा दाखला देऊन मैत्रिणीचं लग्न गाठलं होतं, तर त्यांना त्याच आठवड्यात नारळ मिळाला. भूमितीच्या सरांची नोकरी अजून कच्ची होती. त्यांना कायम करायचं की नाही, त्या कागदावर हेडसर उद्या सही करणार होते.

आणि हेडसरांना वास लागला होता, यात सरांना शंका नव्हती. रजेवरून परतल्यापासून रोज सकाळी एकच प्रश्न, "पाठ कशी आहे?" मग त्यांचा वर्ग तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आला. खुर्चीवर गादी आली.

"टोमणे मारतो माणूस," सर घरी म्हणाले.

"गादीचा टोमणा पहिल्यांदाच ऐकला," बायको म्हणाली.

पडद्यावर नदीचं पाणी काळं झालं, आभाळ शेंदरी. तलवार उचलायला अर्धं मिनिट, मान उडायला एक. रक्ताचे थेंब हवेत तरंगत होते आणि पोरं शिट्ट्या मारत होती. एरवी एका शिट्टीवर वर्ग उभा करणारे हेडसर आज मागे वळूनही बघत नव्हते.

मग तो वाकडा खांब दिसला. याच खांबाशी सर मेले होते. आता मागून कोणीतरी ओरडणार, "अरे, आपले सर!" आणि सगळं संपणार. शेजारी हेडसर पुढे झुकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

पडद्यावर सूर्य मावळतीला आला आणि सगळे सैनिक नुसत्या काळ्या सावल्या झाले. एका सावलीने भाला उगारला. दुसरी सावली वळली, कमानीसारखी वाकली आणि सावकाश, फार ऐटीत कोसळली. ना नाक, ना डोळे. बायकोलाही ओळखू आलं नसतं.

"काय मेलाय रे!" मागून एक पोरगा कौतुकाने म्हणाला.

सरांचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पॉपकॉर्नच्या मिठावर ढकललं. तीन दिवस उन्हात भाजून शेवटी सावलीच झाली, याचं क्षणभर वाईटही वाटलं. पण उद्याचा दिवस वाचला होता. शेजारी हेडसरांनीही लांब श्वास सोडला. कंटाळले असावेत.

बाहेर लख्ख ऊन होतं. पोरं मोजून बसमध्ये चढवली. सर शेवटी चढणार तोच हेडसरांनी त्यांना बाजूला घेतलं, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि बसच्या पत्र्यावर ठेवला.

"उद्यावर कशाला ढकलायचं?" ते म्हणाले आणि डाव्या हाताने झोकदार सही केली. "झालात कायम."

सरांनी दोन्ही हात जोडले. "सर, तुमचे आभार कसे मानू..."

हेडसरांनी पेनाला टोपण लावलं. बसच्या खिडक्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आभार कसले मानता, सर. मी डावरा, आणि त्या मुखवट्यातून काही म्हणजे काही दिसत नव्हतं हो."