देवघेवीची वही

तपासणीला आलेल्या माधवी मॅडमनी वाचनालयाची देवघेवीची वही पुन्हा पहिल्यापासून चाळायला घेतली, आणि ग्रंथपाल ताजुद्दीन मुलाणीने घाईघाईने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"एवढ्याशा गावात महिन्याला साठ पुस्तकं जातात?"

"जात्यात, मॅडम," ताजुद्दीन म्हणाला.

एकही जात नव्हतं. चार वर्षं ही वही तो एकटाच लिहीत होता. संध्याकाळी दार लावण्याआधी दाखल नोंदवहीतून पुस्तकांचे क्रमांक उचलायचे, त्यांच्यापुढे मतदार यादीतली नावं मांडायची आणि पंधरा दिवसांनी 'परत' असा शेरा मारायचा. कपाटापर्यंत जायचीही गरज पडत नसे. गावठाणातलीच नावं येत राहिली तर संशय यायचा, म्हणून अधूनमधून डोंगरावरच्या वस्तीतलीही दोन-चार घालायची. खरे वाचक म्हणाल तर दोन पेन्शनर, तेही पेपरातल्या शब्दकोड्यावरून भांडणारे.

ही लबाडी त्याला टोचत नव्हती असं नाही. पण अनुदान वाचकांच्या आकड्यावर आणि खोली ग्रामपंचायतीची. पवना धरणाकाठी तंबूवाल्या पर्यटकांची रीघ लागल्यापासून सरपंच संदेशरावांचा त्या खोलीवर डोळा होता.

"मोबाईलच्या जमान्यात पुस्तक वाचतंय कोन?" त्यांनी ग्रामसभेत सरळच विचारलं होतं. "तितं पाव्हन्यांसाठी माहिती केंद्र काढू. सरकारचा पैसा कामाला तरी लागंल."

टाळ्या पडल्या होत्या. ताजुद्दीनला उत्तर सुचलं ते घरी जेवायला बसल्यावर. गावात एवढी एकच जागा आहे, जिथे आत आलेल्या माणसाला कोणी काही विकायला बघत नाही. पण घरी सुचलेल्या उत्तराला कोण विचारतो? संदेशरावांची तक्रार वर गेली आणि आज तपासणी आली.

शालूबाई टेबल पुसत होती. सकाळी खोली झाडायची, टेबल-वह्या पुसायच्या, मग भाजीची पाटी डोक्यावर घेऊन घरोघर फिरायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. साक्षरता वर्गात तिला अक्षरं जोडायला ताजुद्दीननेच शिकवलं होतं, सहीपुरती. हल्ली ती गुडघ्यांची फार तक्रार करायची. आताही "आई गं" करत तिने पाटी उचलली आणि ती बाहेर पडली.

"सरपंचांचं म्हणणं आहे की हे सगळं कागदावरच आहे," मॅडम म्हणाल्या. "ज्यांच्याकडे आत्ता पुस्तक आहे अशी तीन घरं बघून येऊ."

त्यांनी वहीवर बोट ठेवत नावं टिपून घेतली. गेणू, रतनबाई, बजरंग.

"उन्हाचं कशाला, मॅडम? मी बोलावून घेतो की."

"नको. आपणच जाऊ."

बाहेर वाट बघत थांबलेले संदेशरावही हसत हसत बरोबर निघाले.

गेणू ओसरीवर दाढी करत बसला होता. ताजुद्दीनने मागून डोळ्यांनी, भुवयांनी, जमेल त्याने खुणा केल्या. गेणूचं लक्ष आरशात.

"वाचनालयाचं पुस्तक आहे तुमच्याकडे?" मॅडमनी विचारलं.

"हाय की." तोंडाला साबण तसाच ठेवून गेणू आत गेला आणि कोंबडीपालनाचं पुस्तक घेऊन आला. मॅडमनी क्रमांक ताडून पाहिला. जुळला. "ताजूभाईंचं लय उपकार बगा," गेणू म्हणाला.

उपकार तो मागेही म्हणाला होता, एसटी थांब्यावर. ताजुद्दीनला वाटलं होतं, रेशनकार्डाचा अर्ज भरून दिला त्याबद्दल म्हणतोय.

रतनबाई शेंगा निवडत होती. पुस्तक तिच्या शेजारीच होतं.

"ह्यातली बाई एकटीच हिमालयात जाती बगा," ती आपणहून सांगू लागली. "मला वाटलं, मरती आता. न्हाई मेली! अजून चार पानं हायेत, म्होरलं मला नगा सांगू."

ताजुद्दीन काय सांगणार? त्याने ते पुस्तक उघडलंच नव्हतं. संदेशरावांचं हसू मात्र मावळलं होतं.

बजरंगचं घर डोंगरावरच्या वस्तीत. चढताना मॅडम दोनदा थांबल्या, संदेशराव तीनदा. बजरंग रानात गेला होता. त्याच्या सुनेने पदराने पुसून एक जाड कादंबरी पुढे केली. तिचाही क्रमांक जुळला.

"ह्याचा दुसरा भाग कवा येनार?" तिने ताजुद्दीनलाच विचारलं.

"बघतो," तो कसाबसा म्हणाला.

खाली आल्यावर मॅडमनी वाचनालयातच बसून अहवाल लिहिला. अनुदान चालू ठेवावं, शिवाय नवी पुस्तकं द्यावीत. त्यांची गाडी गेल्यावर संदेशराव दारात थोडा वेळ घुटमळले.

"ताजूभाई, त्या बाईचं हिमालयाचं... रतनबाईचं झालं की मला ठेवा."

ते गेले. ताजुद्दीन उठला आणि कितीतरी महिन्यांनी कपाटापाशी गेला. धुळीचा कण नव्हता. वहीत ज्या ज्या क्रमांकापुढे 'परत' लिहिलेलं नव्हतं, नेमकी तेवढीच पुस्तकं जागेवर नव्हती. त्याने दोनदा मोजली. आनंद व्हायला हवा होता, पण त्याला भीतीच वाटली. आपल्याला वेड तर नाही ना लागलं?

तेवढ्यात शालूबाई आली. रिकामी पाटी उतरवून ती उंबऱ्यावर टेकली आणि गुडघे चोळू लागली. पाटीच्या तळाशी, मेथीच्या चार काड्यांखाली, दोन पुस्तकं होती.

"ताजूभाई, रागावनार नसाल तर एक सांगू?" ती म्हणाली. "चार वर्सं झाली, सांगीन म्हनते. तुमी वहीत नाव लिवता आन् पुस्तक द्यायचंच इसरता. त्येचं काय न्हाई, वय झालं की हुतं आसं, मी देती नेऊन. तारीख भरली की आनती बी माघारी. फकस्त डोंगरावरची नावं तेवढी कमी लिवत जा. चढ लय हाय."