उपरण्याखालची बोटं

धुळ्याच्या बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नसत; उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरे. त्यामुळे आपला दलाल झिपरू रिकामा बसला की मांडीवर दोन्ही हातांची बोटं नाचवतो, हे पाहून बैलांचे व्यापारी पंडितआबा यांच्या मनात पाल चुकचुकली.

"कोनले भाव फोडस रे?"

"कोनलेच नही, आबा," झिपरू ओशाळून म्हणाला. आबांनी त्याचं काम काढून घेतलं.

नाताळात मिशनच्या मडमेनं बाजारातल्या लोकांनाही कार्यक्रमाला बोलावलं. तिच्या पियानोपुढे बसला झिपरू, आणि तिच्याकडे वर्षभर शिकलेला सोनाटा वाजवू लागला. बोटं तीच, तशीच नाचणारी. आबांचा चेहरा उतरला.

वाजवणं संपताच आबा उठून पुढे गेले. माफी मागायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. त्यांनी झिपरूच्या हातावर उपरणं टाकलं आणि आतून त्याची पाचही बोटं घट्ट धरली. झिपरूनंही तितकीच घट्ट दाबली.

मागे बसलेल्या एका व्यापाऱ्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं.



"दखं का? बाजा ते बठ्ठा बहाणा शे. सौदा आते व्हई गया!"