लूकची वही

येलहंकातल्या आमच्या चर्चमध्ये उपवासकाळात प्रत्येक घर लूकचं शुभवर्तमान हातानं उतरवतं. आईला मोतीबिंदू. ती रोज संध्याकाळी वही पुढे करायची, "एस्तेर, एक तरी वचन लिही गं."

"कॉल आहे, आई. उद्या."

आई गेली, वही कोरीच राहिली. महिनाभर ते मनाला लागून होतं. आज माफी मागावी तशी लिहायला बसले.

वही उघडली. चोवीसही अध्याय लिहिलेले होते. पानापानावर मी नाही म्हटलेल्या दिवसांच्या तारखा होत्या. अक्षर माझं होतं.

"रोशन, हे कुणी लिहिलं?"

"असं काय करतेस, अक्का?" भाऊ म्हणाला. "रोज तूच तर आईजवळ बसायचीस."

तेवढ्यात आतल्या रिकाम्या खोलीतून माझा आवाज आला, "कॉल आहे, आई. उद्या."