एकाच आईची

दृष्टिहीन मुलांच्या शाळेसाठी मी कापडी पुस्तकं शिवते. या खेपेला 'देशोदेशीची मुलं' शिवायला घेतलं. प्रत्येक पानावर एक खिसा आणि खिशात एक कापडी मूल. त्यांच्या कातडीच्या रंगांसाठी कापडवाल्याच्या नाकी नऊ आणले. गव्हाळ हवं, सावळं हवं, काळंभोर हवं, गोरंपान हवं.

पहिली वाचक नेहमीप्रमाणे त्या शाळेतली चिमी. तिने सगळ्या मुलांना चाचपलं आणि खुशीत म्हणाली, "मावशी, ही तर सगळी एकाच आईची!"

मी कपाळावर हात मारला. रंगांचा एवढा घाट घातला, तो कुणासाठी? माझ्याच डोळ्यांसाठी! डोकी सारखी, कपडे सारखे. पोर दुसरं काय म्हणणार?

सगळं उसवलं. "चिमे, वर्गातली मुलं तू कशी ओळखतेस गं?" ती सांगत गेली, तशी मी शिवत गेले. एकाला लोकरीचे दाट कुरळे केस, एकीच्या डोक्याला सुळसुळीत रुमाल, एकीला कमरेपर्यंत वेणी.

चिमीची बोटं पुन्हा फिरली. "हा माझ्या शेजारी बसतो! आणि हिचा रुमाल सारखा घसरतो!" एकेकाला ओळखून ती खिदळत होती.

मी ऐटीत विचारलं, "आता नाहीत ना एकाच आईची?"

"आहेत की!" तिने माझं बोट धरून एकाच्या मानेमागे टेकवलं, मग दुसरीच्या. "ही बघ तुझी जाडजूड गाठ, सगळ्यांना. मागच्या वेळीही होती."