अंबाडा

रविवारी दुपारी, सिंगापूरमधल्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये, सहा महिन्यांची इरा झोपल्याबरोबर अनघा आणि क्षितिजने आवाज बंद करून सिनेमा लावला. सत्तरच्या दशकातला अमेरिकन मारधाडपट. कृष्णवर्णीय नायिका, पायघोळ लेदरचा कोट, टोपलीएवढे कुरळे केस. गुंडांनी तिचे खिसे तपासले, बूट तपासले. तिने शांतपणे केसांत हात घातला आणि पिस्तूल बाहेर काढलं.

"काहीही हं!" क्षितिज हसला. "केसांत कुणी काही ठेवतं का?"

तेवढ्यात पाळण्यातून कुरकुर सुरू झाली. पॅसिफायर काही सापडेना. क्षितिज सोफ्याखाली शिरला. "आता ही रडली तर शेवटची मारामारी गेली गं!"

अनघाने अंबाड्यात हात घातला. आधी निघालं लाळेरं. मग क्षितिज सकाळपासून शोधत असलेलं त्याचं एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं कार्ड. शेवटी पॅसिफायर. इरा चिडीचूप.

क्षितिज सोफ्याखालून तसाच बघत राहिला. "माझं कार्ड... तुझ्या केसांत?"

"दोन्ही हातांत तुझी लेक असते. वस्तू ठेवू कुठे?" अनघा कुजबुजली. "आता आवाज नको. हात वर कर आणि मुकाट्याने बाटल्या धुवायला जा."

तो खरंच हात वर करून स्वयंपाकघरात गेला. थोड्या वेळाने नळ बंद करून त्याने दबक्या आवाजात विचारलं, "संपला? कोण जिंकलं गं?"

अंबाडा पुन्हा बांधत अनघा म्हणाली, "केसांवाली."