छतातला टीव्ही

टीव्ही छतातून हातभर खाली आला आणि लाइट गेली.

"बोंबला," मल्लेश अंधारात म्हणाला. "आता ह्याला वर कसं घ्यावं?"

"हळू बोला की," त्याची बायको जगदेवी सासऱ्यांच्या धास्तीने कुजबुजली. "मामा मागं शेळीपाशी हायत."

बेचाळीस इंची टीव्ही काळोखात लोंबकळत राहिला. मल्लेशच्या धाकट्या भावाने, रविकुमारने, तीन महिन्यांपूर्वी तो पुण्याहून आणला, आणि "अप्पाला तुमीच सांभाळा" म्हणून सुट्टी संपायच्या आत पसार झाला. मुडबी गावातल्या त्या घरात टीव्ही आणणं ही थट्टा नव्हती. चौदा वर्षांपूर्वी मल्लेशचे वडील लिंबाजीअप्पा सरपंचाच्या घरी टीव्ही बघत बसले आणि इकडे लांडग्याने तीन कोकरं नेली. अप्पा तडक देवघरात गेले. मल्लण्णाचा भंडारा उचलून शपथ घेतली, "ह्या छताखाली बसून टीव्ही बघणार न्हाई." पुढे मेंढरं विकली, शेती आली, जुन्या घरावर स्लॅब चढला, पण शब्द तसाच राहिला.

"डबा दिसला की म्हातारा घोंगडी उचलून शेतातल्या कोपीत जाईल," अप्पांची बायको म्हाळसा सगळ्यांना बजावायची. सत्तरीचा माणूस, थंडीत रात्रभर खोकणारा. तो त्या झोपडीत एकटा राहणार या नुसत्या विचाराने तिला भीती वाटायची. मालिका मात्र तिलाही हवी होती.

मार्ग मल्लेशने काढला. बसवकल्याणात तो विजेच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करून द्यायचा. त्याने छताला प्लायवूडची मोठी पेटी टांगली, आत दोन लोखंडी चॅनल, तारेचा दोर, चार पुल्या आणि जुन्या कारखान्यातली एक मोटार बसवली. घरापुढच्या पिठाच्या गिरणीची थ्री फेज लाइन होतीच. लाल बटण दाबलं की टीव्ही खाली, हिरवं दाबलं की वर. अप्पांना सांगितलं, उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून पेटी केलीय. अप्पांनी मान वर करून पेटी बघितली आणि "बरं केलास" म्हणाले.

बाकीची सोय देवानेच केली. त्याच सुमारास अप्पांची शेळी आजारी पडली. रोज सात वाजले की अप्पा घरामागे खिडकीखाली बांधलेल्या शेळीपाशी जाऊन बसायचे, ते साडेआठशिवाय हलायचे नाहीत. डॉक्टरला दाखवू म्हटलं तर अंगावर यायचे. शेळी आजारी असून दूध बरं द्यायची. घरातले मनोमन तिचे उपकार मानायचे. फक्त त्या खिडकीचं दार फुगलं होतं, पुरतं लागत नव्हतं. म्हणून आवाज इतका बारीक ठेवायचा की म्हाळसा पार टीव्हीला नाक लावून बसायची.

आज अप्पा सात वाजून पाच मिनिटांनीच आत आले.

"लाइट गेल्यावर काय बसायचं तिथं," ते पुटपुटले आणि चाचपडत बाजेवर बसले. टीव्ही त्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर टांगलेला होता. म्हाळसाने जगदेवीचा दंड घट्ट धरला. मल्लेश हिरव्या बटणावर बोट ठेवून उभा राहिला. लाइट येईल त्या क्षणी टीव्ही वर, मग काही बी थाप मारता येईल.

लाइट आली. मल्लेशने हिरवं बटण दाबलं. टीव्ही खाली आला.

त्याने अजून जोरात दाबलं. टीव्ही अजून खाली आला. मल्लेशच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाहेर लाइनमनने दोन तारांची अदलाबदल करून टाकली होती, आणि तसं झालं की थ्री फेज मोटार उलटी फिरते. सगळ्या तालुक्याला हे सांगून त्याचा घसा बसला होता. स्वतःच्या घरी मात्र बंदोबस्त करायचा राहून गेला होता.

टीव्ही अप्पांच्या नाकासमोर येऊन थांबला आणि आपोआप सुरू झाला. पडद्यावर मालिकेतल्या दोन जावा एकमेकींवर हातवारे करत होत्या.

अप्पांनी चटकन तोंड फिरवलं. उठले. खुंटीवरची घोंगडी खांद्यावर टाकली आणि दाराबाहेर पडले.

"अवं, पाया पडते तुमच्या! कोपीत नगा जाऊ!" म्हाळसा उंबऱ्यावर बसून रडायला लागली. मल्लेशला स्वतःच्या कारागिरीची लाज वाटली. एका डब्यापायी आपण बापाला घराबाहेर काढलं. तो चपला शोधायला लागला.

तेवढ्यात घरामागे दगड सरकवल्याचा आवाज झाला. खिडकीचं फुगलेलं दार बाहेरून सताड उघडलं. गजांपलीकडे घोंगडी पांघरलेले अप्पा ऐसपैस बसले होते, शेजारी शेळी रवंथ करत होती.

"रडायलीस कामून गं? भंडारा उचललाय मी, छताखाली बसून कसं बघू?" ते म्हणाले. "मल्ल्या, आवाज वाढीव की जरा. तीन महिने झाले, नुस्ती तोंडंच हालायलीत त्या बायांची."